वाचा बरं, सर

आमच्या लाखनी गावात कॉम्प्युटर बिघडला की आम्ही एकाच मेकॅनिकला बोलावतो. माझा सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो आणि मग पडद्यावर इंग्रजीत काहीतरी तक्रार उमटते. तो येतो, खुर्ची सोडून चटईवर बसतो आणि दरवेळी खिसा चाचपतो.

"चष्मा घरीच राह्यला जी. वाचा बरं सर, काय म्हणून राहिला हा?"

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. खणखणीत वाचतो, कळत काहीच नाही. तो डोळे मिटून ऐकतो, कॉम्प्युटरचा डबा उघडतो, आतली रॅमची पट्टी काढून पुसतो. "भल्ली धूळ खाल्ली जी यानं!" म्हणाला की मशीन चालू.

परवा तिळाएवढा स्क्रू चटईत पडला. मी चष्मा लावून चाचपडत राहिलो.

"राहू द्या जी, हा काय!" त्याने तो नखाने उचलला आणि पहिल्याच झटक्यात भोकात बसवला.

अडचण डोळ्यांची नव्हती. माझ्या विषयाची होती.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तक्रार आली. त्याचा हात खिशाकडे जायच्या आत मी मोठ्याने वाचायला लागलो.