सालात धरलेली माणसं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी इतिहास घेतला तो काही आवडीनं नाही. वरोऱ्याच्या कॉलेजात तो तास संपला की लगेच आमच्या गावाची एसटी मिळायची, म्हणून घेतला. त्यात एक अख्खा पेपर अमेरिकेचा निघाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मी गेले ती थेट अमेरिकेत.

माझे वडील सालदार होते, म्हणजे गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत एकाच मालकाच्या शेतात राबणारे. बैल, पिकाला पाणी देणं म्हणजे ओलीत, फवारणी, रात्रीची जागल, सगळं त्यांच्याकडे. पाडव्याच्या सकाळी मालक स्वतः आमच्या दारी यायचा, खाटेवर सुपारी ठेवायचा. वडिलांनी ती उचलली की साल पक्कं. आई मालकाच्या घरचं शेण-झाडलोट, भांडी करायची. ती त्याच सालात धरलेली असायची. तिच्यासाठी वेगळी सुपारी नसे.

मार्चमध्ये वडील वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होते. मी दुपारी भाकर घेऊन जायची. पळसाखाली ते जेवायचे आणि मी मोठ्यानं वाचायची, कारण मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या टाळक्यात काही शिरत नसे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट होते. लोक बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले आणि रिकाम्या जमिनीवर नवी राज्यं झाली, असं मी वाचलं की त्यांचा घास थांबायचा.

"रिकामी कशी? तिथी कोनी राहत नोयतं का?"

"राहत होते. त्याइले हाकललं."

"मंग रिकामी केली म्हन ना."

सरकी काढायचं यंत्र आलं तेव्हा तर ते खूश झाले. आता तिथल्या कापसात राबणाऱ्या बिचाऱ्या गुलामांना आराम पडला असेल, म्हणाले. मी सांगितलं, उलट झालं. सरकी झटपट निघायला लागली म्हणून कापूस वाढला, आणि तो वेचायला आणखी गुलाम लागले. प्रत्येक नव्या राज्याच्या वेळी भांडण, तिथं गुलाम ठेवायचे की नाही. वडील बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले. बोंडांच्या टोकांनी त्यांच्या नखांची कडा कायमची फाटलेली असायची.

त्याच आठवड्यात मालकिणीचा निरोप आला. आईची कंबर धरली होती, तिला वाकवत नव्हतं. तर येत्या सालात तिच्या जागी पोरगी पाठवा. कॉलेज काय, होत राहील. वडील निरोप ऐकून "पाहू" म्हणाले. त्यांचं "पाहू" म्हणजे होच असायचं. मालकाला नाही म्हणताना मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. पेपर तोंडावर आलेला, आणि माझं शिक्षण असं शेणाच्या टोपल्यात चाललेलं.

दुसऱ्या दिवशी पळसाखाली मी पुस्तक उघडलंच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तिथी माय गुलाम असली का लेकरू बी गुलामच होये. तुमी बी गुलामच आहा, बाबा. आता मले बी करा."

त्यांनी अर्धी भाकर फडक्यात परत बांधली आणि उठून कामाला लागले. मला लगेच लाज वाटली, पण तोंडातून माफी निघेना. माझा स्वभावच तसा मेला. चार दिवस मी भाकर ठेवायची आणि ते पाठ करून जेवायचे. त्या चार दिवसांइतकी मी आयुष्यात कुणाला भ्याले नाही, आणि ते मला एक शब्दही बोलले नव्हते.

पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ते लोक सोडून जाऊ शकत होते का?"

"नाई. पयून गेले का कुत्रे लावून धरून आनत."

"त्याइले वर्सातून एक डाव तरी कोनी इचारे का, राहतं का म्हनून?"

"नाई."

"मले इचारते. पाडव्याले मालक येऊन इचारते. मी गुलाम नाई, पोरी." मग हातातली भाकर तशीच धरून म्हणाले, "पन तुह्या मायले कोनी इचारलं? मालकानं नाई. मी बी नाई."

मला रडू आलं. मी त्यांना वाकडं बोलले होते, आणि ते चार दिवस स्वतःचाच झाडा घेत बसले होते.

पाडव्याला मालक आला, खाटेवर बसला, सुपारी ठेवली. "का गा, चालू ठेवाचं ना? पोरीले उद्यापासून पाठवजो."

वडिलांनी सुपारीला हात लावला नाही. मालकासमोरच माझ्याकडे वळले. "तू जाशीन का, पोरी?"

"नाई," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मालक "आं?" म्हणाला, म्हणून परत म्हणाले.

मग त्यांनी चुलीकडे तोंड करून आईला विचारलं, "अन् तू वं? तू जाशीन का?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग आई म्हणाली, "नाई जात."

"मंग भाऊ, माह्या एकल्याचं बोला," वडील म्हणाले. मालकाला एकटा गडी नको होता. त्यानं सुपारी उचलून खिशात टाकली आणि निघून गेला. पुढे वडील जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रोजीनं जायला लागले, मी पेपर दिला, पासही झाले. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही तिघंही घाबरलेलो होतो.

आई कंबरेवर हात धरून बाहेर आली. पदराला हात पुसत वडिलांसमोर उभी राहिली.

"मघाशी धुरात नीट आयकू नाई आलं," ती म्हणाली. "आनखी एक डाव इचारा."

वडिलांनी परत विचारलं.