भरताच्या पंगतीत झालेले मालक

देवचंदला हल्ली वांग्याच्या भरताचा वाससुद्धा सोसवत नाही. जळगावात राहायचं आणि भरताला नाक मुरडायचं, म्हणजे वेडेपणाच! पण त्याला नकोच वाटतं, त्याला काय करणार? आणि ज्या पंगतीत ते मनात बसलं, ती पंगतच तशी ओंगळ होती.

देवचंद एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात मशीन चालवतो. बोदवडकडचा माणूस, पोरसवदा वयात लागला, आता केस पिकले. कायम कामगार. फंड, बोनस, आजारपणाची रजा. घरी बायको भागाबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, प्रज्ञा. सगळा संसार त्या 'कायम' शब्दाला धरून उभा.

कारखान्याची एक जुनी रीत. थंडी पडली की सेठच्या मळ्यात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, केळीच्या पानांवर पंगत बसवायची. पहिलं वाढप सेठ स्वतः फिरून करणार. त्या पंगतीत रडगाणं गायचं नाही, आणि सेठला कशालाही 'नाही' म्हणायचं नाही. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण बापाच्या तेराव्याला हसू नये तसं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या थंडीत मात्र सेठ आजारी होते. कारभार सूनबाई हेमांगीताईंकडे. त्यांनी पुण्याहून एक वक्ता आणला. गालाला माईक चिकटवलेला, पायात पांढरेशुभ्र बूट, बूट काळ्या मातीत भरू नयेत म्हणून खाली सतरंजी अंथरलेली. काय ते बोलणं! "नोकरी ही गुलामी आहे! पगार ही नशा आहे! आजपासून तुम्ही कामगार नाही, उद्योजक आहात! बोला, तुम्ही कोण?" आणि बठ्ठे, ज्यांनी जन्मभर मान खाली घातली ते सगळे, हात वर करून ओरडले, "मालक!" देवचंदला शिसारी आली.

मग पानं मांडली. हेमांगीताई पदर खोचून स्वतः वाढायला आल्या, आणि त्यांच्यामागून ऑफिसातला माणूस. प्रत्येक पानाशेजारी एक राजीनामा, एक करारनामा. मशीन भाड्याने घ्या, चटईमागे दर घ्या, स्वतःचे मालक व्हा.

"ताई, माल उठला नाही तर?" देवचंदने विचारलं.

"भाऊ, रिस्क घेणाराच मोठा होतो," ताई गोड हसल्या आणि त्याच्या पानावर आणखी थोडं भरीत टाकलं. "खा आधी."

शेजारी कौतिक बसला होता, साक्रीकडचा, देवचंदचा जिवाभावाचा सोबती. पानावर सेठच्या घरचं भरीत, समोर घरची सून वाढायला वाकलेली. नाही कसं म्हणायचं? त्याने पायजम्याला बोटं पुसली आणि सही ठोकली. त्याचं बघून दुसऱ्याने, तिसऱ्याने. अरे, बैल तरी दावं बदलताना शिंग उगारतो!

देवचंद भरल्या पानावरून उठला.

कौतिकच पहिला पेटला. "अन्नवरथीन उठी गया? लाज शे का तुले?" कोपऱ्यावर हात धुताना देवचंदला मागून 'भित्रा' असंही ऐकू आलं. भाऊंनो, तुम्ही शूर! राहा शूर.

उन्हाळा बरा गेला. पावसाळा लागला, चटईची मागणी बसली. माल गोदामात पडून, पण मशीनचं भाडं काही पावसाळा ओळखत नाही. जे मालक झाले होते ते आता ऑफिसच्या दारात चपला काढून उभे राहू लागले.

एक दिवस हेमांगीताईंनी देवचंदला बोलावलं. "देवचंदभाऊ, कायम माणूस आता तुम्ही एकटेच. ज्यांचं भाडं थकलं त्यांची मशीनं बंद करायची. बाहेरच्या माणसाने केलं तर भांडणं होतील. तुमचं ऐकतील." तोच गोड चेहरा. देवचंदला वाटलं, इथेच ओकावं, त्या काचेच्या टेबलावर.

"मला नाही जमणार, ताई."

"मग तुमच्या जागेचाही विचार करावा लागेल, भाऊ."

रात्री भागाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "प्रज्ञाचं शेवटचं वर्ष आहे." आणि ताटं वाढायला उठली. तिच्यावर राग धरायला जागाच नव्हती, म्हणून त्याने तो स्वतःवर धरला.

सकाळी तो शेडमध्ये गेला. ऑफिसने सांगितलेलं पहिलं मशीन कौतिकचंच होतं. कौतिक अर्धी विणलेली निळी चटई सारखी करत होता. देवचंद स्विचपाशी उभा राहिला, हात वर जाईना. काय बोलावं? मी सांगितलं होतं म्हणावं? थू त्या शहाणपणावर!

कौतिकने वळूनही पाहिलं नाही.

"बंद कर ना, भाऊ," तो म्हणाला. "माले धंदा शे, तुले नोकरी शे. तुन्ही तू सांभाळ."

देवचंदने बटण दाबलं. मग पुढच्या मशीनकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. संध्याकाळी रोजच्यासारखा हजेरीला अंगठा लावला आणि घरी गेला.