फेम्मीच्या सात गायी आणि दरवर्षीची जबरदस्ती

हाल्सेवेन गावात सरकारला सगळ्यात कडक विरोध कोण करतं, असं विचारलं असतं तर एकच नाव पुढे आलं असतं. कालव्याकाठची फेम्मी, हार्मची विधवा. वय एकसष्ट, उंची बेताची, काळा झगा, पायात लाकडी जोडे आणि पदरी सात गायी. दर मे महिन्यात जनावरांचे डॉक्टर लाळ्या-खुरकुताची लस घेऊन यायचे आणि ती गोठ्याच्या दारात आडवी उभी राहायची.

"मी परवानगी देत नाही," ती म्हणायची.

"कायदा आहे, बाई," डॉक्टर म्हणायचे.

"मग तुमचं तुम्ही बघा. माझा हात लागणार नाही."

एवढं बोलून ती बाजूला व्हायची, दूध काढायची तिवई अंगणात मांडायची आणि गोठ्याकडे पाठ करून बसायची. सातही गायींना टोचून होईपर्यंत मान म्हणून वळवायची नाही. हे सगळं बघायला तिचे थोरले दीर लुबर्ट हजर असत. लुबर्ट चर्चच्या वडीलमंडळात होते, आणि मंडळीचा नियम असा होता की ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याच्या माथी पाप नाही, पण जबरदस्ती झालेली कुणीतरी डोळ्यांनी बघितलेली हवी. काम आटोपलं की लुबर्ट खिशातून पेपरमिंटची गोळी काढून फेम्मीला देत. ही गोळी हाल्सेवेनमध्ये लांबलचक प्रवचनात चघळायची असते. रविवार सोडून ती मिळणं म्हणजे पदकच.

या मंडळींचं म्हणणं साधं होतं. आजारी जनावराला डॉक्टर दाखवा, त्याला कुणाची ना नाही. पण धडधाकट गायीला सुई टोचायची म्हणजे परमेश्वराला तोंडावर सांगायचं की तुझा भरवसा वाटत नाही. याच हिशेबाने गावात कुणी विमा उतरवत नसे, आणि लुबर्टनी तर वडिलांनी वीज पडू नये म्हणून छपरावर लावलेला गज स्वतः शिडी लावून उतरवला होता. छत्री मात्र सगळे वापरत. छत्रीबद्दल विचारलं की माणसं विषय बदलत.

आता फेम्मीला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मे महिन्यात हाल्सेवेनच्या गायी रात्रंदिवस कुरणात असतात. फेम्मीच्या सात गायी मात्र वर्षातल्या नेमक्या त्याच सकाळी गोठ्यात असायच्या, आखूड दोरीने बांधलेल्या, तोंडं भिंतीकडे आणि पुठ्ठे डॉक्टरांच्या सोयीने एका रांगेत. एकट्या बाईच्या शेगडीवर चार माणसांची कॉफी उकळत असायची. आणि त्याच्या आठवडाभर आधी तिच्या नावाने एक पोस्टकार्ड यायचं. वर पवनचक्कीचं चित्र, मागे पत्ता, मजकूर काही नाही. ते म्हाताऱ्या डॉक्टर वेस्टरहाउसांचं कार्ड, आठवड्याने येतोय एवढंच कळवणारं. फेम्मी ते बघायची आणि लगेच शेगडीत घालायची.

देवाशी तिची लपवाछपवी नव्हती. रोज संध्याकाळी ती त्याला सगळं सांगायची, कार्डासकट. लपवाछपवी होती ती फक्त लुबर्टशी.

त्याला कारण होतं. एकावन्न सालच्या साथीत तिच्या गोठ्यात अकरा गायी होत्या. तोंडाला फेस, खुरांना फोड, उभं राहता येईना. वासरं आधी गेली, मग चार गायी गेल्या, उरलेल्या आटल्या आणि खाटकाकडे गेल्या. साथ शेजारच्या गावात होती तेव्हाच लस मिळत होती. हार्मची डॉक्टरकडे जायची तयारी होती, अंगात कोट चढवून झाला होता. लुबर्ट दारात येऊन म्हणाले, "धीर धर, हार्म. त्याच्या हातात सोडून दे." हार्मने कोट काढून खुंटीला लावला. पुढच्या हिवाळ्यात हार्मही गेला. फेम्मी दिराशी आदराने बोलायची, रविवारी त्यांच्या मागच्या बाकावर बसायची, पण तो कोट ती विसरली नव्हती.

तर त्यानंतर बारा वर्षांनी वेस्टरहाउस निवृत्त झाले. तरी कार्ड आलं. फेम्मीने गायी बांधल्या, कॉफी चढवली आणि दारात उभी राहिली. साथ पुन्हा कालव्यापलीकडे आली होती. दोन कोसांवर एका गोठ्यात गायी लाळ गाळत होत्या हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मोटारीतून उतरले ते नवे डॉक्टर, पॉस्टमा. कोवळे, शहरात शिकलेले, केसांचा भांग रूळ ठेवून पाडल्यासारखा. त्यांच्या मागून लुबर्ट उतरले, चेहरा उतरलेला. फेम्मीच्या मनात आलं, आज भावजींना धर्म फारच चढलाय.

"मी परवानगी देत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टोपी काढली. "मला तुमच्या श्रद्धेचा आदर आहे, बाई."

फेम्मी थांबली. हे वाक्य तिच्या नाटकात नव्हतं.

"मी परवानगी देत नाही," तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"द्यायची गरजच नाही. यंदा नवा नियम आलाय. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी या कागदावर सही करायची. मग जबरदस्ती नाही, सुई नाही. मी असाच परत जातो." त्यांनी कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढून तेही पुढे केलं. भलाच सभ्य माणूस. अशा सभ्य माणसांनीच जगाची पंचाईत होते.

आत गोठ्यात लाल गाय हंबरली. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचा तिला कंटाळा आला होता. फेम्मीच्या हातात पेन, समोर कागद, बाजूला दीर. सही केली तर गायी गेल्या. नाही केली तर बारा वर्षं जो झेंडा मिरवला तो आपल्याच हाताने खाली आला, आणि तेही लुबर्टसमोर.

"चष्मा नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

"नाकावर आहे," लुबर्ट म्हणाले. आवाज अगदी पडलेला.

"बरं. मग वाचते." तिने वाचलं. सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. "डॉक्टर, यावर सही केली की काय होतं?"

"तुम्हाला संरक्षण मिळतं. सक्तीपासून."

"किती दिवस?"

"एक वर्ष. मग पुन्हा नवा कागद."

"म्हणजे उद्या आपल्यावर काही येऊ नये, म्हणून आज कागदावर सही करून ठेवायची. वर्षाच्या मुदतीने."

"अगदी बरोबर," डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

फेम्मीने पेनाला टोपण लावलं. "भावजी, तुम्ही वडीलमंडळात आहात. तुम्हीच सांगा याला काय म्हणतात."

लुबर्टची मान जरा वर आली.

"विमा म्हणतात," फेम्मी म्हणाली. "आमच्या हार्मने आगीचा विमा घेतला नाही, गारांचा घेतला नाही. आणि मी त्याची बायको, सरकारचा विमा उतरवू? परमेश्वराला माझ्यावर जबरदस्ती आणायची असेल तर तो आणेल. मी कोण कागद आडवा धरणारी?"

"अहो, पण तुमचा विरोध आहे ना लसीला?" डॉक्टर म्हणाले.

"आहे. कडक आहे."

"मग सही करा."

"सहीलाही आहे."

"मग मला कायद्याने टोचावं लागेल."

"मग तुमचं तुम्ही बघा," फेम्मी म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने इतक्या आनंदाने कधी म्हटलं नव्हतं. "माझा हात लागणार नाही."

तिवई अंगणात तयारच होती. ती पाठ करून बसली आणि मगच तिला लुबर्टचं तोंड दिसलं. तिला वाटलं होतं आता कपाळाला आठ्या पडतील, मंडळीपुढे जाब द्यावा लागेल. तर गडी उजळला होता.

"फेम्मी," ते म्हणाले, "म्हणजे ज्याने या कागदावर सही केली असेल, त्याने विमा उतरवला असं धरायचं?"

"दुसरं काय धरणार?"

"सकाळी सही केली असली तरी?"

"सकाळी कुणी केली?"

लुबर्टनी गोठ्याच्या दिशेने खाकरून हाक मारली, "डॉक्टर, इथलं झालं की माझा तो कागद मला परत पाहिजे." मग फेम्मीकडे न बघता म्हणाले, "दरवर्षीचा माझा साक्षीदार म्हणजे शेजारचा क्लास. तो तापाने पडलाय. साक्षीदार नाही, म्हणजे जबरदस्ती धरायची नाही. या पोराने कागद पुढे केला. मला काही सुचलंच नाही. मी केली सही."

"आणि आता कोण साक्षीला?"

"तू चल."

"बाईची साक्ष मंडळात चालते होय?"

"यंदा चालवून घेऊ," वडीलमंडळाचे लुबर्ट म्हणाले.

डॉक्टर बाहेर आले, बाही खाली करत, आणि म्हणाले की इतक्या शिस्तीच्या गायी त्यांनी अजून बघितल्या नाहीत. फेम्मी म्हणाली, "संस्कार आहेत." मग तिने सगळ्यांना कॉफी दिली. डॉक्टरांनी कागद परत द्यायला खळखळ केली, लुबर्टनी त्यावर आडवी रेघ मारून 'मागे घेतला' असं लिहिलं, आणि तिघं मोटारीत बसून लुबर्टच्या वाडीला गेले. या वाडीच्या गोठ्यात फेम्मीने हार्म गेल्यापासून पाय ठेवला नव्हता.

कुरणात ऊन पडलं होतं, गवत गुडघ्याएवढं, आणि एकही गाय नाही. गोठ्याच्या दारातूनच तिला दिसलं. चौदा गायी, आखूड दोरी, तोंडं भिंतीकडे.

"भावजी, यांना आज कुरण नाही?"

"असंच," लुबर्ट म्हणाले. "जरा आत राहू देत म्हटलं."

पलीकडच्या खोलीत शेगडीवर कॉफी होती. घड्याळाच्या मागे कागदांची चवड खोचलेली दिसली. फेम्मी घरातली असल्याने तिने ती सरळ ओढली. पवनचक्की, पवनचक्की, पवनचक्की. एकावरही मजकूर नाही. तिने आपली जाळली होती, या चिकट माणसाने सगळी जपून ठेवली होती. सगळ्यात खालच्या कार्डावर पोस्टाचा शिक्का होता, हार्म गेला त्याच्या पुढच्या वसंताचा. त्या वर्षी तिच्या घरी कार्ड आलं नव्हतं. त्या वर्षी वेस्टरहाउस तिच्या गायींमागे दुपारपर्यंत कुरणात पळत होते. तिला कार्ड आलं ते पुढच्या वर्षापासून.

ती कार्डं हातात घेऊन गोठ्यात आली.

"ही कधीपासून?"

लुबर्टनी कार्डांकडे बघितलं, मग स्वतःच्या जोड्यांकडे. "त्या वर्षी तू एकटी होतीस," ते म्हणाले. "गायी पळत होत्या, डॉक्टर पळत होते. मी उभा राहून बघत होतो. मीच वेस्टरहाउसना म्हटलं, फेम्मीलाही एक टाकत जा."

म्हणजे इतकी वर्षं तिने ज्याला फसवलं तो तिच्या नाटकाचा तिकीट काढून आलेला प्रेक्षक होता, आणि पेपरमिंट वाटत होता. फेम्मीला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्हींचा तिला राग आला.

"हार्मच्या वेळी नाही सुचलं हे," ती म्हणाली.

"नाही."

"कोट चढवला होता त्याने."

"मला रोज दिसतो तो कोट," लुबर्ट म्हणाले.

डॉक्टर सुई भरून तयार होते. त्यांनी घसा साफ केला आणि आपलं वाक्य म्हटलं. "कायदा आहे, साहेब."

"मी परवानगी देत नाही," लुबर्ट म्हणाले, आणि तसेच मध्ये उभे राहिले, चौसष्ट वर्षांचा मोठा माणूस, वाटेत आडवा, बाजूला व्हायचं भान नाही.

फेम्मीने कोपऱ्यातली तिवई घेतली, अंगणात नेऊन मांडली, आणि दिराच्या दंडाला धरून त्यांना तिच्यावर बसवलं, गोठ्याकडे पाठ करून. त्यांच्याच खिशात हात घालून पेपरमिंट काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "मान वळवू नका. मी बघतेय."