झेंडा घेऊ का, अक्का?

धुळ्याच्या क्रीडा कार्यालयात खेळाडूंच्या प्रमाणपत्रांवर शिक्के मारणाऱ्या बाईंना सगळे अक्काच म्हणतात. मी देवपूरच्या एका शाळेत खेळ शिकवतो, म्हणून त्यांच्या टेबलासमोर नेहमी उभा असतो. त्या मान वर न करता बोलतात आणि प्रत्येक वाक्याआधी दमलेला एक ‘हं’ टाकतात. त्या कधीकाळी देशासाठी धावल्या होत्या, असं मी इतरांकडून ऐकलं होतं. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही.

परवा साक्रीची एक धावपटू पेढे घेऊन आली. परदेशातल्या स्पर्धेच्या उद्घाटनाला देशाचा झेंडा धरून पुढे चालायला तिची निवड झाली होती. पण तिचा चेहरा उतरलेला होता.

“अक्का,” ती अहिराणी वळणाने म्हणाली, “दुसऱ्याच दिवशी सकाळी माझी शर्यत शे. झेंडा धरून तीन-चार तास उभं राहायचं. माझे कोच सर म्हणतात, नाही सांग.”

अक्कांनी हातातला शिक्का बाजूला ठेवला.

“हं. मीही नाहीच सांगितलं होतं. पाय ताजे राहावेत म्हणून खोलीत पडून राहिले. दुसरी मुलगी झेंडा घेऊन चालली, ते टीव्हीवर पाहिलं.”

“आणि शर्यत?”

“सातवी आले,” अक्का म्हणाल्या. “ताज्या पायांनी. तू झेंडा घे, माय.”