चाक अडलेलं मशीन

बॅगा दुरुस्त करणाऱ्या ताईकडे मी पहिल्यांदा गेले ती चेन बसवून घ्यायला. तिने माझी बॅग मोज्यासारखी उलटी केली. आतली शिवण नखाने ओढून पाहिली. वास घेतला.

“केवढ्याला?”

मी किंमत सांगितली. जरा अभिमानानेच. सेलमध्ये मिळाली होती.

“तिसरी चेन आहे ही. म्हणजे बॅग तू तीनदा विकत घेतलीस. अजून घेशील.”

मी साहित्याची पदवीधर. इतक्या कमी शब्दांत माझा इतका पक्का निकाल कुणी लावला नव्हता. मी तिथल्या स्टुलावर बसले. मी अजून उठलेले नाही, असं तिचा नवरा म्हणतो.

बाजारात तिला ‘उलटबाई’ म्हणतात. खुर्ची घ्यायची तर आधी पालथी घालणार. कपाटाचा खण बाहेर काढून त्याची मागची बाजू बघणार. “वस्तूचं तोंड दुकानदाराचं असतं, पाठ आपली,” ती म्हणते. तिच्या घरी दोनच खुर्च्या आहेत. तिसरं कुणी आलं की नवरा उभा.

“चांगली मिळेपर्यंत थांबा म्हणाली,” तो मला म्हणाला. “सहा वर्षं झाली. बस चालवतो म्हणून निभावलं. दिवसभर बसलेला असतो ना!”

अशी ही बाई एकाच वस्तूत फसली होती. शिलाई मशीनमध्ये. बारा वर्षांत तीन घेतली. तिन्ही नवी, चकचकीत, स्वस्त. दर वेळी काम अडलं होतं, थांबायला सवड नव्हती. जाड पट्टा आला की सुई मोडायची. मग पट्टे ती हातानेच शिवू लागली, आरीने भोकं पाडून. आता सकाळी तिचा उजवा अंगठा वाकत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चालू ठेवलं तर हात जाईल. चांगल्या मशीनसाठी चार वर्षं ती पैसे बाजूला टाकत होती.

आणि बुटांचा एक कारखाना बंद पडला. रविवारी सकाळी दहाला सामानाचा लिलाव. ताई, मी आणि तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, असे आम्ही तिघं गेलो.

पत्र्याच्या शेडमध्ये एका रांगेत मशीनं होती. लोक नव्यांभोवती जमले होते. कोपऱ्यात एक काळं, धिप्पाड मशीन होतं. चाकाला चिठ्ठी लावलेली: बंद. भंगारात.

ताईने चाकाला हात लावला. हललं नाही. ती सरळ जमिनीवर आडवी झाली आणि टेबलाखाली सरकली.

“अगं, माणसं बघतायत,” भाऊजी पुटपुटले.

“बघू देत. वाकायची तयारी असेल त्याने हेही बघावं.” खालून तिने मला ओढलं. “तो बघ. चाकामागे.”

दोऱ्याचा मुठीएवढा गोळा. दांड्याभोवती करकचून आवळलेला. बाकी सगळं लोखंड गुळगुळीत, कुठे झीज नाही, कुठे तडा नाही.

“म्हणजे नुसता दोरा अडकलाय!” मी ओरडले.

नव्या मशीनांभोवतीची सगळी डोकी आमच्याकडे वळली.

“हात दाखवून अवलक्षण,” भाऊजी म्हणाले.

ताईच्या दुकानासमोरचा चपलावाला दोन पावलं पुढे आला. “काय ताई, चालेल म्हणता हे?”

ताईचं एक ‘नाही’ पुरे होतं.

“चालेल,” ताई म्हणाली. “तुमच्या-माझ्यानंतरही चालेल.”

मी तिच्याकडे बघतच राहिले.

बोली सुरू झाली. भंगाराचा भाव पहिल्या मिनिटात मागे पडला. ताईने हात वर केला की चपलावाला करायचा. त्याने केला की ताई. किंमत नव्या मशीनपाशी आली. मग नव्याच्याही वर गेली.

“अगं, एवढ्यात नवीन येईल!” भाऊजींनी तिचा दंड धरला.

“नवीन तीनदा आलं,” ती म्हणाली आणि दुसरा हात वर केला.

चपलावाल्याने मिशीवरून बोट फिरवलं. मशीनकडे पाहिलं, मग नव्यांच्या रांगेकडे. “जाऊ दे. यात अजून थोडे घातले तर दोन नवी घेईन मी.”

एक वार. दोन वार. तीन वार. मी उड्या मारत होते. चार वर्षांचे पैसे संपले होते. टेम्पोलाही उरले नव्हते.

ताईने पिशवीतून पाना काढला आणि मशीन खोललं. भाऊजींच्याच डेपोच्या बसने आम्ही ते दोन खेपांत आणलं. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं.

“साहेब, हे इंजिन कुठल्या गाडीचं?”

“बायकोच्या,” भाऊजी म्हणाले.

वाटेत मी विचारलं, “ताई, खोटं का नाही बोललात?”

“त्याच्या समोर बसून रोज हेच चालवायचंय मला. आवाज काय लपणार होता?”

दुकानात ताईने ब्लेडने एकेक धागा कापून काढला. चाक अर्धं फिरलं. आणि थांबलं.

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ती वाकली, प्रत्येक सांध्यात रॉकेल सोडलं, पुसलं, मग तेल घातलं. बसली. पाच मिनिटं. दहा. मी नखं खात होते.

तिने डाव्या हाताने चाक फिरवलं. अर्धं. पाऊण. पूर्ण! पुन्हा पूर्ण. तिने पायाखालचं पेडल दाबलं आणि चार पदरी चामड्याचा पट्टा सुईखाली सरकवला. खट, खट, खट. सुई लोण्यातून जावी तशी गेली. ताई हसायला लागली. थांबेचना. मीही. समोरून चपलावाला रस्ता ओलांडून आला, पट्टा ओढून बघितला आणि परत गेला.

“मला दाखव,” भाऊजी म्हणाले. “जरा सरक.”

ताई उठली. ते बसले. पहिली शिवण सापासारखी गेली.

“अहो, बस नाही ती. ब्रेक दाबू नका सारखा.”

दुसरी बरी आली. तिसरी सरळ. ताई बाजूला उभी राहून उजव्या हाताचा अंगठा चोळत होती. कित्येक महिन्यांचे पट्टे कोपऱ्यात पडून होते. ते ती एकेक त्यांच्या हातात देत होती.

“पुरे झालं, उठा आता. मला बसू द्या.”

“थांब गं,” भाऊजी मान वर न करता म्हणाले. “अजून एक दे.”