व्याख्येत न बसणारे मामा

आमच्या मामांसारखा माणूस खानदेशात झाला नाही, होणार नाही, आणि झालाच तर त्याच्या शेजाऱ्यांचं देव भलं करो! जगातली निम्मी भांडणं लोक व्याख्या न ठरवता बोलतात म्हणून होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेली निम्मी मामा मध्येच व्याख्या विचारतात म्हणून होतात, असं आमच्या बाबांचं. जळगावात ते आमच्या घरासमोरच राहायचे. सडाफटिंग माणूस, लग्न केलं नाही, मागेपुढे कोणी नाही. माझी आई एकुलती एक. लग्न होऊन ती या गल्लीत आली आणि त्याच वर्षी रक्षाबंधनाला तिने समोरच्या या उंच, चष्मेवाल्या गृहस्थांना राखी बांधली. मी जन्मले ती त्यांची भाची म्हणूनच. सायकल त्यांनी शिकवली, गणिताला मारून मुटकून त्यांनीच बसवलं, आणि दहावीचा निकाल लागला तेव्हा बाबांच्या आधी पेढे वाटून तेच मोकळे झाले.

आता या माणसाला घेऊन कुठे जायची सोय नव्हती. एकदा फैजपूरला आमच्या काकांच्या केळीच्या बागेत उभं राहून त्यांनी काकांनाच ऐकवलं, की केळ हे मुळी झाडच नव्हे, ते एक अवाढव्य हिरवं रोप आहे आणि त्याला झाडांच्या वर्गात घालणं ही घोडचूक आहे. काका बिचारे पाणी द्यायला निघाले होते, ते जागीच थांबले. "मंग मी जल्मभर काय लावलं?" असं त्यांनी इतक्या काळजीने विचारलं, की काकूंना हसू आवरेना. त्याच दुपारी बागेत भरताची पार्टी होती. पानावर गरम भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सगळे हात धुऊन बसलेले, आणि मामांनी सुरू केलं. म्हणे भरीत हा वांग्याचा प्रकार नाही, भरीत वांग्यापासून होतं, आणि 'प्रकार असणं' आणि 'पासून होणं' ही दोन वेगळी नाती आहेत. भाकऱ्या गार झाल्या तरी ते थांबेनात. शेवटी आईने त्यांच्या तोंडात घास कोंबला.

मामांचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन कॉम्प्युटर, दोघांवर आईने शिवून दिलेली फुलाफुलांची झाकणं, आणि दाराशी चपलांचा ढीग, कारण चपला घालून आत गेलं तर यंत्राला त्रास होतो ही त्या काळची ठाम समजूत. नव्वदचं दशक संपत आलं आणि गावात इंटरनेट आलं. मग तर विचारूच नका! मामांनी कुठेतरी वाचलं की आजचं वेब नुसता शब्द शोधतं, उद्याचं वेब अर्थ समजून उत्तर देईल. झालं, वारं शिरलं अंगात. प्रत्येकाने आपापल्या जगातल्या गोष्टी आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती नीट लिहून काढायची, याला म्हणायचं ऑन्टॉलॉजी. पाचोऱ्याची एक, धुळ्याची दुसरी. दोघांनी एकाच वस्तूला वेगळी नावं दिली असतील तर मध्ये पूल बांधायचा. मग प्रश्न एकदाच विचारा, उत्तर दोन्हीकडून येईल! हे त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, पंक्चरवाल्याला सांगितलं, दात काढून घेताना डॉक्टरांनाही सांगायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं, धुळ्याला. सगळ्यांत जास्त आनंद मामांना झाला, कारण त्यांना दोन ऑन्टॉलॉज्या आयत्या मिळाल्या. आमच्या गोतावळ्याची त्यांनी बनवली आणि धुळ्याची माझ्या धाकट्या दिरांकडून बनवून घेतली. तिची फ्लॉपी जेवणाच्या डब्यात घालून, एस.टी.त मांडीवर धरून ते स्वतः घेऊन आले. पहिलाच प्रश्न विचारला, नवरदेवाच्या आत्या कोण? कॉम्प्युटर म्हणाला, कोणी नाही. मग लक्षात आलं, तिकडे आत्याला फुई म्हणतात. मामांनी पूल बांधला, पुन्हा विचारलं, आणि पडद्यावर धडाधड तीन फुया! मामा अनवाणीच गल्ली ओलांडून आमच्याकडे धावत आले. आम्हीही सगळे नाचलो. नवऱ्याच्या आत्या सापडल्याचा इतका आनंद कुठल्या नवरीला झाला नसेल.

याद्यांच्या दिवशी धुळ्याहून पाहुणे आले, आणि बैठक मामांच्या क्लासातच बसली. मानपान, आहेर, सगळं मामांनी यंत्राकडून वदवून घेतलं. माझे होणारे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, कौतुकाने मान डोलवत होते. मग त्यांनी सहज विचारलं, की नवरीला मांडवात आणणारा मामा कोण. मामांची छाती फुगली. त्यांनी थाटात प्रश्न टाकला.

उत्तर आलं, कोणी नाही.

व्याख्या मामांनीच लिहिली होती: मामा म्हणजे आईच्या आईबापाचा मुलगा. आई एकुलती एक. बाबा म्हणाले, अहो सोडा, यंत्र ते यंत्र, तुम्हीच आणणार आहात तिला. पण मामा चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "व्याख्या माझी आहे. माझ्यासाठीच ती वाकवली तर बाकीच्या उत्तरांवर विश्वास कोण ठेवणार? फैजपूरच्या काकांना सांगा, ते आणतील." आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला इतका संताप आला की पाहुण्यांसमोर बोलू नये ते बोलले: मामा नाही आले तर मीही मांडवात येणार नाही. सासरचे लोक समोर बसलेत याचंही भान राहिलं नाही.

आबांना काही कळेना. त्यांनी आईला विचारून सगळं समजून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आमनाकडे जेले राखी बांधी तो भाऊ. आन् मायना भाऊ तो मामा. यामां मशीनले काय इचारानं?"

मामा ताडकन उठले! आत्या आणि फुई हे शब्द वेगळे दिसले म्हणून त्यांनी पूल बांधला होता. मामा हा शब्द दोन्हीकडे तोच, म्हणून तो त्यांनी तपासलाच नव्हता. धुळ्याच्या माहितीत मामाची व्याख्या कितीतरी ऐसपैस होती. भाऊ म्हणजे जन्माने झालेला किंवा राखीने झालेला. दिरांनी ते फ्लॉपीत लिहूनही दिलं होतं. मामांनी पूल दुरुस्त केला, आईच्या राखीची नोंद घातली, प्रश्न पुन्हा टाकला, आणि पडद्यावर त्यांचं स्वतःचं नाव आलं. ते नाव त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. मग प्रिंटर करकरायला लागला, कारण एवढं महत्त्वाचं उत्तर कागदावर हवंच.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी पुकारा केला, मामांनी मुलीला आणावं. मामा नवा कोट घालून आले, माझा हात धरला आणि चालायला लागले. अर्ध्या वाटेत थांबले. गुरुजी खुणा करताहेत, वाजंत्रीवाले ताटकळलेत, आणि मामा माझ्या कानात पुटपुटताहेत, "अगं, याच्यापुढचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मामा, तर हा माझा भाचेजावई. आबा माझे व्याही. तुला मुलं झाली तर ती माझी नातवंडं. आणि हे मी कुठे लिहिलेलं नाही, आपोआप निघतंय."

मंगलाष्टकं सुरू झाली तरी माझ्या मागे त्यांचं चालूच होतं, तीन फुया त्यांच्या कोण लागतात, धाकटा दीर कोण लागतो. आयुष्यभर एकट्याचा स्वयंपाक केलेला माणूस, एकेक नातं जपून उच्चारत होता. अंतरपाटाआड मी हुंदके देत होते. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.