अळणी घर आणि ब्रोमाइडची बाटली

"सर्टिफिकेट द्या डॉक्टर, उद्याच धाडतो पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात," पाटील म्हणाले. "मास्तर पोरांम्होरं बरळत्यात. परवा फळ्यावर मुंग्या हायेत म्हणून घागरभर पाणी ओतलं."

मी सही केली नाही. आधी तपासतो म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वेल्ह्याच्या दवाखान्यात मी एकटा डॉक्टर, बायकोमुलं नाहीत. शंकर मास्तर रोज संध्याकाळी येऊन तासभर बसत. माझं बोलणं काय ते तेवढंच. बाकी दिवसभर 'जीभ दाखव, कुठं दुखतं' याला कुणी बोलणं म्हणत असेल तर म्हणो बापडा.

मास्तरांना फेफरं होतं. ते फक्त त्यांच्या बायकोला आणि मला ठाऊक. मी पोटॅशियम ब्रोमाइडचं मिक्श्चर चालू केलं, झटके थांबले. पुढे काही महिन्यांनी त्यांची जीभ जडावली, चालताना झोक जाऊ लागला. मग यायचेच बंद झाले. ब्रोमाइड अंगात फार झालं की असं होतं, हे मला माहीत होतं. पण डोस लहान होता आणि मीच मोजून देत होतो. माणूस तोच, डोस तोच, मग आताच का?

भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. मास्तरांनी मला ओळखलं नाही.

"आलाच हाय तर जेवून जावा," सरूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या. वेल्ह्यात कुणाच्या घरी जेवायला बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. आमटीभाकरीचा घास घेतला आणि थांबलो.

"वहिनी, मीठ विसरलात."

"न्हाई वं. म्या मेंगाईला नवस बोलले हुते. ह्यांचं झटकं थांबलं तर वरीसभर समदं घर अळणी खाईल. चार महिनं झालं."

"तुम्हीही अळणीच खाता?"

"व्हय. मला कुठं काय झालंय?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मूलद्रव्यांच्या तक्त्यात सारख्या गुणांची मूलद्रव्यं एकाखाली एक बसवलेली असतात. एका उभ्या ओळीत क्लोरिन, त्याखाली ब्रोमिन, त्याखाली आयोडिन. खाली जावं तसा अणू जड, रंग गडद आणि तडफ कमी. क्लोरिन हिरवट वायू, ब्रोमिन तांबडा द्रव, आयोडिन काळपट स्फटिक. पण वागणं सख्ख्या भावांचं. मिठात क्लोरिन असतो, माझ्या औषधात ब्रोमिन होता. मूत्रपिंडाला या दोघांतला फरक नीट कळत नाही. रोज मीठ पोटात गेलं, तर जादाच्या क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही लघवीवाटे जातं. मीठ तोडलं की शरीर असेल नसेल ते धरून ठेवतं, आणि त्यात ब्रोमाइडही अडकतं. वहिनी औषध घेत नव्हत्या, म्हणून ठणठणीत. मास्तरांच्या अंगात मात्र ते चार महिने साठत गेलं.

"ते औषध आजपासून बंद. आणि मीठ सुरू करा."

"त्ये न्हाई व्हायचं. देवी कोपली आन् झटकं परत आलं तर?"

"अहो, उद्या पाटील त्यांना घेऊन जातील!" मी ओरडलोच. वहिनी रडल्या, पण हटल्या नाहीत. मग मी विचारलं, "नवस जेवणाचाच ना?"

"व्हय."

दवाखान्यात जाऊन मी मिठाचं पाणी केलं, बाटलीत भरलं, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि परत आलो.

"ह्यात काय हाय?"

"मीठ." खोटं बोलवेना.

वहिनींनी बाटली उजेडात धरून पाहिली. "बाटलीत हाय म्हंजी औषिदच की," म्हणाल्या आणि आत घेऊन गेल्या.

पाटलांकडून मी तीन आठवडे मागून घेतले. तिसऱ्या आठवड्यात मास्तर भानावर आले, मला नावानिशी हाक मारली. मला रडू आलं. गावाने श्रेय मेंगाईला दिलं. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण फेफऱ्यासाठी पुन्हा थोडं ब्रोमाइड द्यायचंच होतं, आणि मीठ रोज सारखं ठेवायचं होतं. कारण सांगणं भाग होतं.

सगळं ऐकून मास्तर म्हणाले, "म्हणजे पोरांसमोर माझी शोभा झाली ती तुमच्या औषधानं."

"हो."

मास्तरांची नोकरी टिकली. औषध न्यायला वहिनी येत. मास्तर पुन्हा कधी आले नाहीत. रिकामी संध्याकाळ खायला उठे.

ब्रोमाइड देण्याआधी रोग्याला मीठ किती खातो ते विचारावं. विचारायला वेळ लागत नाही. मास्तर माझ्याजवळ रोज तासभर बसत, पण आज काय जेवलात, एवढं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.